आंबा आपला, मग ‘मँगो’ पोर्तुगीज कसा?

फोंड्याची शिक्षिका

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका शाळेत नववीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. या सत्रात मी मुलांना एक काम दिले होते. घरात, परसात आणि बाजारात दिसणाऱ्या दहा वस्तूंची इंग्रजी नावे घ्यायची, ती मोठ्या शब्दकोशात पाहायची आणि प्रत्येक शब्द इंग्रजीत कोठून आला ते वर्गातल्या तक्त्यावर लिहायचे. तक्ता भरत गेला तसतसा एकच शब्द त्यावर पुन्हा पुन्हा दिसू लागला, तो म्हणजे ‘पोर्तुगीज’. मँगो पोर्तुगीज, कॅश्यू पोर्तुगीज, कोप्रा पोर्तुगीज, टीक पोर्तुगीज, मान्सूनदेखील पोर्तुगीज. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, आंबो आमचो, मागीर ताचें नांव पुर्तुगेज कशें?”

मी त्याला सांगितले की नाव पोर्तुगीजांनी ठेवले असेल. उत्तर तोंडातून बाहेर पडताच ते चुकीचे असावे असे मला वाटले, पण तोवर तास संपला होता. दुसऱ्या दिवशी सत्तरी तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीने निराळीच तक्रार आणली. तिच्या आजोबांची काजूची बागायत आहे, आणि काजू हा शब्द पोर्तुगीज असल्याचे ऐकून ते तिच्यावरच रागावले होते. आता माझी अडचण अशी आहे की आंबा आणि काजू या दोघांपुढे शब्दकोशात एकच शिक्का आहे, पण दोघांची कथा एक नसावी. हा शिक्का वाचायचा कसा, आणि मुलांना तो समजेल अशा रीतीने तक्त्यावर काय लिहायचे?

आसगावचा वाचक

शिक्षिकाबाई, तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न अचूक आहे आणि सत्तरीच्या आजोबांचा राग समजण्यासारखा असला तरी चुकीचा आहे. शब्दकोशात ‘पोर्तुगीजमधून’ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ इतकाच की इंग्रजांनी तो शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून उचलला. पोर्तुगीजांनी तो कोठून उचलला हे त्याच नोंदीत पुढच्या ओळीत असते, आणि मुले बहुधा पहिल्या ओळीपाशीच थांबली असावीत.

आधी हे पाहू की इंग्रजांना मधल्या माणसाची गरज का पडली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला, गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला, आणि इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली ती १६०० मध्ये. म्हणजे इंग्रज व्यापारी इथल्या बंदरांत उतरले तेव्हा किनाऱ्यावरच्या देवघेवीची भाषा शंभर वर्षांपासून एक प्रकारची मोडकी पोर्तुगीज होती. पुढेही ती सहजी हटली नाही. कंपनीला १६९८ मध्ये मिळालेल्या सनदेत तर असे कलम होते की इकडे पाठवलेल्या इंग्रज पाद्र्यांनी आल्यापासून वर्षभरात पोर्तुगीज शिकून घ्यावी. अशा स्थितीत आंब्याचे नाव इंग्रजांना थेट मलबारच्या बागाइतदाराकडून कळण्यापेक्षा पोर्तुगीज दलालाकडून कळणे अधिक स्वाभाविक होते.

आता आंब्याकडे येऊ. पोर्तुगीज भाषेतला शब्द ‘मांगा’. तो त्यांच्याकडे मलबार किनाऱ्यावरून, काहींच्या मते मलायमार्गे, गेला आणि त्याचे मूळ द्रविड भाषांत आहे. तमिळमध्ये ‘मांगाय’ या शब्दाचे दोन भाग पडतात, ‘मा’ म्हणजे आंबा आणि ‘काय’ म्हणजे कच्चे फळ. पिकलेल्या आंब्याला तिकडे ‘मांबळम’ असा वेगळा शब्द आहे. म्हणजे आज लंडनच्या दुकानात पिकलेल्या, सुगंधी फळावर जे नाव चिकटवलेले असते, ते मुळात कैरीचे नाव आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर हातात पिकलेला मानकुराद आंबा घेऊन त्याला तोर म्हणजे कैरी म्हणण्यासारखे हे झाले.

गंमत अशी की इंग्रजांच्या घरी हा आंबा पोचला तोही कैरीच्याच रूपात. पिकलेले फळ सहा-सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात टिकणे शक्य नव्हते, म्हणून तो खारवून किंवा लोणच्याच्या रूपाने जाई. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास घराघरांत बरणीत मिठाचा थर, त्यावर देठासकट तोर, पुन्हा मीठ आणि वर दगडाचे वजन ठेवून चेपणीचे तोर घालतात, त्याचीच ही लांबची भावंडे. परिणाम असा झाला की पुष्कळ इंग्रजांनी आंबा कधी पाहिलाच नव्हता, पण ‘मँगो’ खाल्ला होता, आणि त्यांच्या दृष्टीने मँगो म्हणजे लोणचे. सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रजीत काकडीचा मँगो, खरबुजाचा मँगो असे प्रयोग सापडतात, एवढेच नव्हे तर ‘मँगो करणे’ म्हणजे लोणचे घालणे असे क्रियापदही झाले होते. अमेरिकेच्या काही भागांत भोपळी मिरचीत मसाला भरून तिचे लोणचे घालीत, त्यामुळे तिथे भोपळी मिरचीलाच मँगो म्हणणारी माणसे अगदी अलीकडेपर्यंत होती.

काजूचा प्रवास नेमका उलटा आहे. हे झाड ब्राझीलचे. तिथल्या तुपी भाषेत त्याचे नाव ‘अकाजू’, पोर्तुगीजांच्या तोंडी ते ‘काजू’ झाले, आणि सोळाव्या शतकात झाड व नाव दोन्ही एकाच जहाजसत्तेबरोबर गोव्याला आली. म्हणजे आपला काजू आणि इंग्रजांचा कॅश्यू हे दोघेही त्याच पोर्तुगीज शब्दाची मुले आहेत. आजोबांना हवे तर असे सांगा की बोंडू म्हणजे काजूचे रसाळ फळ मळून हुर्राक आणि फेणी या दारू गाळण्याची विद्या आपली आहे आणि ‘फेणी’ हे नावही आपल्याच फेणाचे म्हणजे फेसाचे आहे, त्यावर कोणाचा दावा नाही.

एका झटक्यात दोघांतला फरक दाखवायचा असेल तर मुलांना शास्त्रीय नावे वाचून दाखवा. आंबा ‘मँगिफेरा इंडिका’ आहे, म्हणजे भारताचा. काजू ‘अनाकार्डियम ऑक्सिडेन्टाले’ आहे, म्हणजे पश्चिमेकडचा. दोन्ही झाडे वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली आहेत, तरी एक इथले आणि एक पाहुणे, हे नावातच लिहिलेले आहे.

तुमच्या तक्त्यावरचे बाकीचे शब्द आंब्याच्या बाजूचे आहेत. टीक म्हणजे मल्याळममधला ‘तेक्कु’, आपला साग. कोप्रा म्हणजे ‘कोप्पर’, आणि आपल्या खोबऱ्याशी त्याचे नाते कानालाच कळते. विड्याच्या पानाचे ‘बीटल’ हे ‘वेट्रिला’पासून आणि सुपारीचे ‘अरेका’ हे ‘अडक्का’पासून. हे सारे मलबारात पोर्तुगीजांच्या कानावर पडले आणि त्यांच्याकडून युरोपात गेले. मान्सून थोडा वेगळा आहे. तो अरबीतल्या ‘मौसिम’ म्हणजे ऋतू या शब्दाचा पोर्तुगीज अवतार आहे. आपण ‘मोसमी वारे’ म्हणतो तेव्हा तोच शब्द दुसऱ्या दाराने घरात घेतलेला असतो.

माझा सर्वांत आवडता शब्द मात्र ‘मँडरिन’ आहे. संस्कृत ‘मंत्रिन्’ मलाय भाषेत जाऊन ‘मंतरी’ झाला. पोर्तुगीजांनी तो तिथे ऐकला आणि त्यांच्या भाषेत ‘मांदार’ म्हणजे आज्ञा करणे असे क्रियापद असल्यामुळे त्याला ‘मांदारिं’ असे वळण दिले. हा शब्द ते चीनमधल्या सरकारी अधिकाऱ्यांना लावू लागले, मग इंग्रजीत त्या अधिकाऱ्यांच्या भाषेलाही तेच नाव पडले, आणि पुढे एका लहान संत्र्यालाही. आपल्या मंत्र्यांचे संत्रे झालेले पाहून मुले नक्की हसतील.

या विषयातला सर्वांत मोठा अभ्यासक आमच्या गावचा होता हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मोन्सेन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गाद यांचा जन्म १८५५ मध्ये आसगावला झाला. पोर्तुगीजमधून आशियाई भाषांत गेलेल्या शब्दांवरचा त्यांचा ग्रंथ १९१३ चा आहे, आणि आशियातून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या शब्दांचा दोन खंडांतला कोश १९१९ आणि १९२१ मध्ये निघाला. शब्दांची जावक आणि आवक या दोन्ही वह्या एकाच माणसाने लिहून ठेवल्या आहेत.

मडगावकर

फार सुंदर माहिती. यात एक भर घालतो. ऑरेंज हा शब्दही आपलाच आहे. आपल्या ‘नारंग’चा इंग्रजीत ‘नॉरेंज’ झाला होता, पण ‘अ नॉरेंज’ असे म्हणता म्हणता त्यातला ‘न’ आधीच्या ‘अ’ला चिकटला आणि ‘अ‍ॅन ऑरेंज’ झाले. हे मी महाविद्यालयात असताना आमच्या प्राध्यापकांकडून ऐकले होते. मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

आसगावचा वाचक

मडगावकर, गोष्ट गोड आहे, पण ‘न’ इंग्रजांनी गिळला नाही. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांहा, एवढ्या प्रवासापर्यंत ‘न’ शाबूत आहे. पोर्तुगीजांनी त्याचा ‘ल’ करून ‘लारांजा’ केले. इटालियन आणि फ्रेंच भाषांत तो गळला, आणि इंग्रजीला हा शब्द फ्रेंचमधून मिळाला तेव्हा तो आधीच ‘न’ शिवायचा होता. फ्रेंचमध्ये ‘ऑर’ म्हणजे सोने, त्यामुळे सोनेरी फळाच्या नावाने ‘ऑर’पासून सुरू होणे त्यांना बरे वाटले असावे.

मात्र तुम्ही सांगितलेली क्रिया खरी आहे, फक्त उदाहरण दुसरे घ्यावे लागेल. स्वयंपाकघरातला ‘एप्रन’ मुळात ‘नेप्रन’ होता. त्याची बहीण ‘नॅपकिन’ हिने आपला ‘न’ अजून सांभाळला आहे. ‘अ‍ॅडर’ हा साप पूर्वी ‘नॅडर’ होता. आणि क्रिकेट पाहणाऱ्या मुलांसाठी सर्वांत उत्तम उदाहरण म्हणजे ‘अंपायर’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नॉनपेर’ म्हणजे जोडीत नसलेला, विषम. दोन पक्षांच्या वादात जो कोणाच्याच जोडीचा नाही असा तिसरा. इंग्रजीत त्याचा ‘नंपायर’सारखा उच्चार झाला आणि मग ‘अ नंपायर’चा ‘अ‍ॅन अंपायर’ झाला.

काही शब्दांनी उलट ‘न’ पळवला आहे. जुन्या इंग्रजीत ‘ईक’ म्हणजे जास्तीचे, म्हणून टोपणनाव म्हणजे ‘अ‍ॅन ईकनेम’, त्याचे झाले ‘अ निकनेम’. ‘न्यूट’ हा पाण्याकाठचा सरड्यासारखा प्राणीही असाच ‘अ‍ॅन यूट’मधून ‘न’ घेऊन बसला आहे. मराठीत नामाआधी असा ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ लागत नसल्यामुळे मुलांना हे एकदम पटत नाही. फळ्यावर दोन शब्द न तोडता सलग लिहावेत आणि रेघ कोठे मारायची ते त्यांनाच विचारावे, म्हणजे इंग्रजांची फसगत कशी झाली ते त्यांच्या लक्षात येते.

रांधपघर

मी हणजूणच्या बाजूला एक लहानशी खाणावळ चालवते, त्यामुळे मला या चर्चेत एकाच शब्दाबद्दल अधिकाराने बोलता येईल, आणि तो म्हणजे विंदालू. गेल्या डिसेंबरात एका इंग्रज पाहुण्याने ताट परत पाठवले. विंदालूत बटाटा नाही, म्हणजे पदार्थ अर्धवट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या देशातल्या भारतीय म्हणवणाऱ्या उपाहारगृहांत विंदालूमध्ये बटाटे असतात, कारण नावात ‘आलू’ आहे असे तिथल्या आचाऱ्यांनाच वाटत आले आहे.

मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन मातीच्या भांड्यात आदल्या रात्रीपासून मुरत ठेवलेले डुकराचे मांस दाखवले. त्यात लसूण, सुक्या मिरच्या, जिरे, मिरी, दालचिनी आणि माडाच्या सुरेचे व्हिनेगर होते. नाव याच मुरवणीचे आहे. पोर्तुगीजमध्ये ‘व्हिन्य द आल्युश’ म्हणजे द्राक्षारस आणि लसूण यांत मुरवलेले. त्यातला शेवटचा ‘आल्युश’ म्हणजे लसूण, त्याचा आलूशी काही संबंध नाही. पोर्तुगालच्या मदैरा बेटावर नाताळला अजूनही हा पदार्थ द्राक्षारसात मुरवून करतात. इथे द्राक्षारसाच्या जागी रेंदेराच्या, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याच्या, सुरेचे व्हिनेगर आले, मसाले आले, आणि मिरचीही आली, जी पोर्तुगीजांनीच अमेरिका खंडातून आणली होती. पाहुण्यांनी सारे ऐकून घेतले, मांस चाखले आणि तरीही सोबत थोडे उकडलेले बटाटे मिळतील का असे विचारले. मी ते दिले. तसे पाहिले तर आपला ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज ‘बताता’पासून आला आहे, म्हणून मनात म्हटले, असू दे.

डिचोलीचा निवृत्त

सर्व उत्तरे वाचली. पोर्तुगीजांचे पारडे जरा जड होऊ लागले आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने दोन शब्द लिहितो. इंग्रजीत गेलेले काही शब्द थेट मराठीच्या घरातले आहेत आणि आपल्या शाळांत ते कोणी सांगत नाही.

पहिला ‘मंगूस’, म्हणजे आपला मुंगूस. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर वावरला होता. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापले गेले आणि त्यात हा प्राणी याच नावाने आढळतो. इंग्रजांना शेवटचे ‘गूस’ ऐकून आपला हंसासारखा ‘गूस’ पक्षी आठवला आणि स्पेलिंग त्याच पद्धतीने रूढ झाले. त्यामुळे आजही परीक्षेत मुले ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’ तसे ‘मंगूस’चे ‘मंगीस’ लिहून गुण घालवतात. बरोबर उत्तर ‘मंगूसेस’ आहे, कारण मुंगसाचा त्या पक्ष्याशी अक्षरापलीकडे संबंध नाही.

आता त्याचा वैरी पाहा. ‘कोब्रा’ हा शब्द पोर्तुगीज आहे, पण पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ केवळ साप असा आहे, कोणताही साप. नागाला ते ‘कोब्रा द कापेल्लो’ म्हणजे टोपीवाला साप म्हणत. इंग्रजांनी टोपी काढून टाकली आणि उरलेले नाव नागाला दिले. म्हणजे इंग्रजीत मुंगूस आणि नाग यांची झुंज लागते तेव्हा एका बाजूला मराठी असते आणि दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज. पूर्वी आमच्या परसात ही झुंज मी एकदा डोळ्यांनी पाहिली आहे. नाग फणा काढून डोलत होता आणि मुंगूस केस फुलवून त्याच्याभोवती फिरत होते, आणि जिंकले मुंगूसच. यावरून कोणताही भाषिक निष्कर्ष काढायचा नाही, हे मला मान्य आहे.

दुसरा शब्द ‘डंगरी’. कामगारांचा जाड कापडाचा पोशाख. हे जाडेभरडे कापड मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावाने विकले जाई, त्यावरून तो शब्द. आणि ‘चिंट्झ’ म्हणजे आपले छापील चीट, हिंदीतले छींट. इंग्रज व्यापारी अनेक ठाणांना मिळून ‘चिंट्स’ असे अनेकवचन करीत, पुढच्या पिढीला ते एकवचन वाटले आणि स्पेलिंगच्या शेवटी वेगळे अक्षर बसले.

फोंड्याची शिक्षिका

सर्वांना देव बरें करूं. मी तक्ता बदलला. आता त्यात दोन रकाने आहेत, ‘कोणाच्या हातून’ आणि ‘कोणाच्या घरून’. मँगोपुढे पहिल्या रकान्यात पोर्तुगीज आणि दुसऱ्यात तमिळ-मल्याळम. कॅश्यूपुढे पहिल्यात पोर्तुगीज आणि दुसऱ्यात ब्राझीलची तुपी. ज्याने प्रश्न विचारला होता त्याच्याच हाताने मी ते लिहून घेतले आणि आदल्या आठवड्यातले माझे उत्तर चुकले होते हेही वर्गाला सांगितले. सत्तरीच्या मुलीने आजोबांचा निरोप आणला आहे. झाड बाहेरचे असल्याचे त्यांना मान्य आहे, परंतु नाव आता चारशे वर्षे इथे राहिले असल्यामुळे ते परत देणार नाहीत. अंपायरच्या गोष्टीला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

एक शंका मात्र शिल्लक आहे. वर्गातल्या एकाचे म्हणणे असे की आपला ‘पेरू’ हा शब्द पेरू देशावरून आला. फळही अमेरिका खंडातलेच असल्यामुळे मला त्याला ठामपणे नाही म्हणता आले नाही.

आसगावचा वाचक

नाही म्हणा. पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’ म्हणजे नाशपाती. नव्या फळाचा आकार पाहून त्यांनी ओळखीचे नाव वापरले आणि आपण ते पेर, पेरू असे घेतले. देशाशी त्याची गाठ योगायोगाने पडली आहे.

पण त्या मुलाला निराश करू नका, कारण पोर्तुगीजमध्ये ‘पेरू’ नावाचा एक पक्षी खरोखरच आहे आणि त्याचे नाव त्या देशावरूनच पडले आहे. नाताळात ज्याला आपण टर्की म्हणतो तोच हा. पक्षी उत्तर अमेरिकेतला. इंग्रजांनी तुर्कस्तानच्या व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध जोडून त्याला टर्की म्हटले, फ्रेंचांनी भारताचा म्हणून ‘दँद’ म्हटले, आणि खुद्द तुर्कस्तानात त्याला ‘हिंदी’ म्हणतात. या पक्ष्यासाठी तुमच्या तक्त्याचे दोन रकाने पुरायचे नाहीत.